पायऱ्यांवरची काजळी

लाँड्रीवाल्याच्या मुलीला सोळा वर्षांची होईपर्यंत स्वतःचा असा रंगच नव्हता. दुकानात यायचं ते सगळं पांढरं. हॉटेलच्या चादरी आणि टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट, न्हाव्याचे टॉवेल. शाळा सुटली की ती बाबांच्या आणि आत्याच्या जोडीला घड्या घालायला उभी राहायची. आई ती लहान असतानाच गेली होती. घर आणि दुकान दोन्ही या दोघा भावंडांनी ओढलं होतं. बाबा बोलायचे कमी. त्यांच्या वाटचंही आत्या बोलून टाकायची.

मुलीच्या केसांना, दप्तराला, डब्यालासुद्धा साबणाचा वास यायचा. वर्गात तिला ‘वडी’ म्हणायचे. साबणाची वडी. त्यात वाकडं काही नव्हतं. पण वडीला कोणी सिनेमाला बोलावत नाही, एवढंच. मधल्या सुट्टीत मुलांचे घोळके व्हायचे, तेव्हा ती कुठल्या तरी घोळक्याच्या कडेला उभी राहून आपणही त्यांच्यातलेच असल्यासारखं हसायची. विनोद कळायचा नाही, कारण तो आदल्या दिवशी कुठेतरी सुरू झालेला असायचा.

बाजाराच्या मागे एक बंद पडलेलं थिएटर होतं. त्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी काही पोरं-पोरी बसायची. पायातल्या बुटांपासून नखांपर्यंत सगळी काळी. त्यांचा एक बँडही होता, आणि त्याच्या सरावाने बाजारातली कुत्रीसुद्धा गल्ली बदलायची. लोक त्यांना ‘कावळे’ म्हणायचे. त्यांनी ते नाव आनंदानं उचललं आणि जाकिटांच्या पाठीवर लिहून टाकलं. आता अशा माणसांना चिडवायचं तरी कसं?

एका दुपारी त्यांच्यातली एक लाँड्रीत आली. तिला सगळे ‘सुरी’ म्हणायचे, कारण ती बोलली की समोरच्याचे दोन तुकडे व्हायचे. तिच्या हातात आजोबांचा जुना कोट होता. कधीकाळी काळा असावा. आता शेवाळलेल्या भिंतीसारखा दिसत होता.

“हा परत काळा करून मिळेल?”

बाबांनी कोट उलटासुलटा करून पाहिला. “आम्ही काळ्याचं पांढरं करतो. पांढऱ्याचं काळं करायचा धंदा नाही आमचा.”

सुरी वळली. ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत वडी मागच्या दारानं धावत तिच्यापुढे जाऊन उभी होती. आपण का धावलो, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. “माझ्याकडे दे,” ती म्हणाली. “शुक्रवारी दुपारी बाबा माल पोचवायला जातात.”

शुक्रवारी तिनं मागच्या अंगणात जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, काळा रंग टाकला, वर मीठ. आत्या दुपारची पडली होती. तिचं घोरणं ऐकू येत होतं तोवर भीती नव्हती. कोट बाहेर निघाला तो असा काळाभोर, की त्याच्यापुढे सावलीही फिकी वाटावी. सुरीनं तो अंगात घातला, बाही डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाली, “उद्या पायऱ्यांवर ये.”

ती गेली. बसायचं कुठे ते कळेना म्हणून खाली उभीच राहिली. तेव्हा वरची सगळी रांग जराशी सरकली. कोणी नाव विचारलं नाही. सरकले आणि जागा झाली. बँडचा ड्रमवाला, ज्याला उंचीमुळे ‘खांब’ म्हणत, त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत रंग गेलेला होता. “ही काजळी,” तो म्हणाला. त्या संध्याकाळी वडी विरघळली आणि काजळी उरली.

मग तिचं रूप पालटत गेलं. आधी काळा शर्ट, मग काळी पँट, मग डोळ्यांत इतकं काजळ की आत्यानं विचारलं, “कोळशाच्या वखारीत नोकरी लागली का गं?”

“आत्या, ही स्टाइल आहे.”

“असेल. तोंड तेवढं काळं करू नकोस, बाकी काय रंगवायचं ते रंगव.”

बाबांनी फक्त तिला काउंटरवरून उचलून मागे इस्त्रीला लावलं. पांढऱ्या कपड्यांच्या दुकानात दर्शनी भागात कावळा बसलेला गिऱ्हाइकाला बरा दिसत नाही, असा त्यांचा हिशेब. काजळीला त्याचं काही वाटलं नाही. तिची चाल बदलली होती. पूर्वी ती भिंतीच्या कडेनं चालायची. आता रस्त्याच्या मधून चालायची आणि सायकलवाले वळसा घ्यायचे. कावळ्यांचे नियम तिनं धड्यासारखे पाठ केले होते. फोटोत हसायचं नाही. छत्री वापरायची नाही. स्केटबोर्डवाल्या रंगीत केसांच्या पोरांना ‘फुगे’ म्हणायचं आणि ती समोरून आली की आकाशाकडे बघायचं. यातलं एकेक धडधडीत वेडेपणाचं होतं, हे तिलाही कळायचं. पण आता विनोद सुरू व्हायचा तेव्हा ती तिथेच असायची.

फक्त एक अडचण होती. तिला ते संगीत सहन व्हायचं नाही.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. खांबनं दिलेल्या कॅसेट तिनं इस्त्री करताना लावून पाहिल्या. आत्याला वाटलं, मशीनमध्ये चमचा अडकलाय. तिला स्वतःला आवडायची ती संथ, जुनी, दुःखी गाणी, जी आत्या रेडिओवर ऐकायची. ते पायऱ्यांवर बोलण्याची सोय नव्हती. शेवटी तिनं कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. वरून केस सोडले की काम भागायचं. ताल ऐकू यायचा नाही, म्हणून ती खांबच्या पायाकडे बघायची. पाय आपटला की मान हलवायची. सगळे म्हणायचे, काजळीसारखी तल्लीन होऊन ऐकणारी दुसरी कोणी नाही.

अशात बँडला पहिला कार्यक्रम मिळाला. वाचनालयाच्या सभागृहात, शनिवारी संध्याकाळी. सगळ्यांचे कपडे नव्यानं काळे व्हायला हवे होते आणि पातेलं पुरणार नव्हतं. शुक्रवारी दुपारी काजळीनं धीर करून दुकानातलं मोठं मशीन वापरलं. नंतर ते पुन्हा पुन्हा धुतलं, हात घालून चाचपून पाहिलं, पांढरा रुमाल फिरवून बघितला. सगळं स्वच्छ. मशीनच्या दाराच्या रबराच्या घडीत मात्र तिचा हात गेला नाही.

शनिवारी सकाळी बाबांनी त्याच मशीनमधून हॉटेलचे टेबलक्लॉथ काढले. ते पावसाळी ढगांच्या रंगाचे झाले होते. संध्याकाळी हॉटेलात लग्नाची मेजवानी होती.

बाबांना वाटलं, मशीनला गंज लागला. ते गुडघ्यांवर बसून टॉर्च मारून आत बघायला लागले. काजळीला ते बघवेना.

“बाबा, मशीनला काही झालेलं नाही. मी त्यात काळा रंग केला. काल.”

बाबांनी टॉर्च बंद केला आणि ते स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

“तरी मी म्हणतच होते, कुठेतरी पाणी मुरतंय,” आत्या म्हणाली. मग बाही वर करत तिनं भावाकडे पाहिलं. “बसून काय होणार? रंग उतरवायला रंगकाट आहे ना? मशीन नको, टबात हातानं काढू. पण तिघांचं काम नाही हे.”

काजळी पायऱ्यांकडे धावली. बँडचा शेवटचा सराव चालू होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं आणि मदत मागितली. मागताना तिला पहिल्यांदाच भीती वाटली, की आता कोणी सरकणार नाही.

“आज?” सुरी म्हणाली. “आजच सुचलं तुला?”

खांबनं काठ्या खाली ठेवल्या. “कपडे कोणाचे रंगवत होती ती?” त्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तो पायऱ्या उतरायला लागला. मग बाकीचे उठले. सर्वांत शेवटी सुरी.

त्या दिवशी लाँड्रीत शिरलेल्या माणसाला वाटलं असतं, धाड पडलीय. वाफ, रंगकाटाचा उग्र वास, आणि टबांभोवती गुडघे टेकून बसलेले सगळे कावळे. आत्या सेनापती झाली होती. “तू उंच आहेस, दोरीवर तू टाक. आणि तू गं, धारदार बाई, हातमोजे घाल, नखांचा रंग जाईल.” सुरीनं मुकाट हातमोजे घातले. असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी तिला टेबलक्लॉथ पिळायला शिकवला. दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशांनी पीळ द्यायचा. “जोर सारखा हवा,” ते म्हणाले, “नाहीतर एकजण पडतो.” थोड्या वेळानं ते तिच्याकडे बघत म्हणाले, “तुझ्या त्या कोटाचं कापड चांगलं आहे. हल्ली असं मिळत नाही.” बाबांच्या मापानं ते भाषणच झालं.

मधे उकडलेली अंडी आणि चहा झाला. दुपार कलेपर्यंत शेवटचा टेबलक्लॉथ पांढरा होऊन इस्त्रीखाली गेला. बाबा व्हॅनमधून माल घेऊन हॉटेलवर गेले आणि तीच व्हॅन परत आणून सगळ्यांना ड्रमसकट सभागृहावर घेऊन गेले.

व्हॅनमध्ये बसल्यावर सुरीनं खाली पाहिलं आणि किंचाळायची तेवढी राहिली. रंगकाटाचे शिंतोडे उडून सगळ्यांच्या काळ्या कपड्यांवर तांबूस ठिपके पडले होते. बदलायला वेळ नव्हता. पहिल्याच कार्यक्रमाला कावळे ठिपकेवाल्या कोंबड्यांसारखे दिसत उभे राहिले.

प्रेक्षक फार नव्हते. निम्मे वाचनालयाचे सभासद होते आणि ते पुस्तकं बदलायला आले होते. काजळी नेहमीसारखी समोर उभी राहून मान हलवत होती. पण दिवसभराच्या वाफेत तिनं केस वर बांधले होते आणि ते सोडायला विसरली होती. दोन गाण्यांच्या मधे सुरीची नजर तिच्या कानावर गेली.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या जिन्यात सुरीनं तिला गाठलं. शेजारी खांब घाम पुसत बसला होता.

“कानात काय आहे?”

काजळीनं बोळे काढून तळहातावर धरले. खोटं बोलायची तिची त्या दिवसाची ताकद संपली होती. “मला हे संगीत सोसत नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

सुरीनं एक बोळा उचलून दोन बोटांत दाबून पाहिला. “मग येतेस कशाला?”

“मी आले की तुम्ही सरकता म्हणून,” काजळी म्हणाली. “आधी कोणी सरकत नव्हतं.”

खांबचा चेहरा उतरला होता. “थांब. ऐकू येत नव्हतं, तर तू मान कशाच्या तालावर हलवत होतीस?”

“तुझ्या पायाच्या.”

“अगं, पण मी तुझी मान बघून वाजवत होतो!” खांबनं डोक्याला हात लावला. “मला वाटायचं, हिला ताल बरोब्बर कळतो. तू जरा पुढे गेलीस की मी वेग वाढवायचो.”

“आणि तू वेग वाढवलास की मी.”

“म्हणून आपली सगळी गाणी पळत सुटायची,” सुरी म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण लगेच सावरून ती निघून गेली. तिला राग आलाच होता. पुढचे काही आठवडे ती काजळीशी कामापुरतंच बोलत होती. मग एका संध्याकाळी तिनं विचारलं, तुला खरं काय आवडतं ते तरी आणून ऐकव. काजळीनं आत्याचा रेडिओ आणला. ते संथ, रडकं गाणं सुरीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि “भयंकर आहे,” म्हणाली. दोघींचं पुन्हा जमलं.

कार्यक्रमाच्या रात्री घरी जाताना बाबांनीही आपलं मत दिलं होतं. ते दारात उभे राहून एक गाणं ऐकून आले होते. “मशीनचं बेअरिंग गेलं की अगदी असाच आवाज येतो,” ते म्हणाले. “पण पोरं कामाची आहेत.”

आणि सोमवारी दुकानात दोन फुगे आले. एकाचे केस हिरवे, दुसऱ्याचे केशरी. वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले होते म्हणे. कावळ्यांच्या कपड्यांवर होते तसे ठिपके त्यांना त्यांच्या शर्टांवर हवे होते.

“कपडा बिघडवून हवाय?” बाबांना कानांवर विश्वास बसेना.

“अहो काका, तो बिघाड नाही, डिझाइन आहे.”

आत्यानं शर्ट ओढून घेतला. “गुरुवारी या,” ती म्हणाली.

तिथून काजळीच्या पोटापाण्याची सोय सुरू झाली. कावळ्यांना काळं, फुग्यांना रंगीबेरंगी, पुढे नाटकवाल्यांना पडदे. काही वर्षांनी लाँड्रीच्या शेजारचा गाळा रिकामा झाला आणि तिथे तिचं रंगकामाचं दुकान उभं राहिलं. मशीनं वेगळी, दार वेगळं, ही बाबांची अट. थिएटर पाडलं, कावळे उडाले. खांब लिफ्ट दुरुस्त करतो. वेळेच्या बाबतीत त्याचा लौकिक अजूनही चांगला नाही. सुरी दूरच्या शहरात वकील झाली. तिथे तिला काळा कोट घालायचे पैसे मिळतात, आणि तो रंगवायला ती पार्सलनं इकडेच पाठवते.

काजळीनं एका शांत स्वभावाच्या घड्याळजीशी लग्न केलं. ती आता क्वचित काळं घालते. तिच्या मुलीनं गेल्या वर्षी व्यंगचित्रांतली पात्रं बनून हिंडणाऱ्या मुलांचा नाद धरला होता. घरभर स्पंज आणि पिसं. या वर्षी ते सगळं एका पेटीत भरलं आणि पोरगी सायकलवाल्यांत गेली, ज्यांच्या सायकली म्हणे एकाच गिअरच्या असाव्या लागतात आणि ब्रेक असणं कमीपणाचं मानलं जातं. परवा ती डोकं तासून घरी आली. ऐंशीच्या घरातल्या आत्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, “बरं झालं, शांपू वाचला.”

काजळीच्या जिभेवर खूप काही आलं होतं. ब्रेकबद्दल, केसांबद्दल, काल-परवापर्यंत जिवाभावाची असलेली ती पिसंवाली मुलं आता कुठे गेली याबद्दल. ब्रेकचं ती बोललीच, आणि चांगलं खणखणीत बोलली. त्यावर वादही झाला. बाकीचं तिनं गिळलं. दाराबाहेर पाच-सहा तासलेली डोकी सायकलींवर एक पाय टेकवून ताटकळत उभी होती.

“ती उन्हात का उभी आहेत?” तिनं विचारलं. “आत बोलाव. कोण काय खात नाही ते आधीच विचारून ठेव.”