ऐरणीला लावलेलं नाक

माझी चुलती हरणाबाई हिच्या नाकाचा अख्ख्या गावाला हेवा वाटायचा, आणि तिला हेवा वाटायचा तो एकाच माणसाचा, स्वतःच्या सुनेचा. मी शेजारच्याच घरातली, त्यामुळं ही जळजळ मी जवळून पाहिली आहे.

आम्ही कडेगावच्या बाजूचे. उसाला पुरेल एवढं पाणी थोड्यांच्याच रानात होतं. बाकीचे उन्हाळी कांदा करायचे आणि दिवाळीपर्यंत राखायचे. त्यासाठी रानातच ऐरण रचायची: खाली दगड, त्यावर तुरकाट्या, भोवती तुरकाट्यांचाच कूड आणि वर उसाचं पाचट. वारा आरपार खेळला पाहिजे. आत एक कांदा नासला की शेजारचेही नासायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात वास घेणारं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे आमची काकू.

ती सकाळी वारं पडलेलं असताना जायची, पदर कमरेला खोचायची आणि कुडाला नाक लावून फेरी घालायची. मध्येच थांबून कोपरापर्यंत हात आत घालायची आणि नेमका सडका कांदा बाहेर काढायची. मग मालकाची अशी हजेरी घ्यायची की विचारू नका. पात पिवळी पडून माना मोडल्या तरी पाणी देत बसलास, उपटलेला कांदा पातीनं न झाकता उन्हात भाजलास, मान पार बुडातून कापलीस, जोडकांदा निवडला नाहीस. एका सडक्या कांद्यात तिला त्या माणसाचा सगळा आळस दिसायचा. लोक निमूट ऐकून घ्यायचे आणि वर चहा पाजायचे. त्या मानावर ती जगत होती. मला सर्दीशिवाय नाकानं काही कळत नाही, म्हणून मीही तिच्यावर जळायचे.

एक मोठा दुष्काळ सरल्यावर तिच्या मुलाचं, जोतीरामचं लग्न झालं. तो पलटणीत निघून गेला आणि वडूजकडची अंजना घरात राहिली. पोरगी शांत, कामाला वाघ. पहिल्याच पावसाळ्यात ती सासूबरोबर एका ऐरणीपाशी गेली आणि सासू पोचायच्या आधीच एका जागी थांबली. "हितं," एवढंच म्हणाली. काकूनं हात घातला तर कांदा निघालाच. लोकांनी पोरीचं कौतुक केलं. काकूही तोंडदेखलं हसली, पण घरी येऊन तिनं सुनेच्या भाकरीला, झाडलोटीला, अगदी डोईवर घागर धरायच्या पद्धतीलाही नावं ठेवली. पुढं निरोप यायला लागले, ‘दोघी या’. त्या ‘दोघी’नं काकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं मी एकटी पुरत होते, आता हिचं शेपूट कशाला, असं ती माझ्यापाशी बडबडायची.

त्या हिवाळ्यात काकू तापानं फणफणली. ती उठली, पण तिचं नाक उठलं नाही. फोडणीचा वास येईना, शेणाचा येईना, कांद्याचा येईना. हे तिनं कुणालाही कळू दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती पूर्वीच्याच तोऱ्यात फेऱ्या घालू लागली, फक्त आता तिची नजर चोरून सुनेच्या तोंडाकडं असायची. अंजनाची नाकपुडी हलली, पाय रेंगाळला, की काकूचा हात तिथं आत जायचा. कांदा निघायचा, वाहवा व्हायची आणि काकू घरी येऊन आणखी जळायची.

मग नागपंचमी आली. मुराळी म्हणून अंजनाचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. नेमका तेव्हाच तात्याबाचा निरोप आला. त्याचं वर्षाचं पीक त्या ऐरणीत होतं. सून येईपर्यंत थांब म्हणणं काकूच्या जिवावर आलं. ती एकटीच गेली, फेरी घातली आणि कांदा झकास आहे म्हणून सांगून आली.

अंजना परतली ती तात्याबाच्या रानावरून. घरात पाऊल टाकताच हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तात्याबा मामांच्या ऐरणीला वास सुटलाय."

काकू तडकली. माहेरी जाऊन शिंगं फुटली काय, माझ्या नाकावर बसायला आलीस काय, तिनं तोंडाला येईल ते सुनावलं.

"मी कुनाला सांगत न्हाई," अंजना म्हणाली. "तुमीच जावा. वड्याकडच्या अंगाला, खालच्या थरात."

काकू खाली बसली. "तुला कवापासनं ठावं हाय?"

"तुमी तापातनं उठलासा तवापासनं. दूध करपलं तवा तुमी चुलीम्होरंच बसला व्हतासा."

म्हणजे पावसाळा लागल्यापासून ती नाकपुडी सासूसाठीच हलत होती. काकूला ते शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. सुनेनं हिसकावून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ती तशीच उठून तात्याबाच्या रानात गेली. ओढ्याकडच्या बाजूचा कूड सोडवला. खालचा थर लिबलिबीत झाला होता. तो उपसून टाकला आणि बाकीचा कांदा वाचला. जमलेल्या माणसांसमोर तात्याबा म्हणाला की झकास म्हणून गेल्या तरी पुन्हा बघायला आल्या, नाक असावं तर वैनींसारखं. काकू नुसती मान डोलावून घरी आली असती तरी चाललं असतं.

"ह्ये नाक माजं न्हवं, भावजी," काकू म्हणाली. "माजं तापात गेलं. सून दावती, मी नुसता हात घालती. हितनं फुडं तिलाच बोलवा."

आता तुम्हाला वाटेल, काकू निवळली. कुठली निवळते! मी ताक मागायला गेले होते, तेव्हा ती धुसफुसत आत आली आणि सुनेला म्हणाली, आले तुझा डंका वाजवून, आता मिरव गावभर. अंजना खाली मान घालून कांदा चिरत होती. मग काकूनं अर्धा कांदा उचलला, नाकाला लावला आणि परत ताटात ठेवला.

"कसा येतोय गं वास?" तिनं विचारलं. "सांग की."

अंजना अडखळत सांगू लागली. काकूनं तिला एकदाही मध्ये तोडलं नाही.