कुलपातली किल्ली

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला अजूनही ते नाटक आठवते. अमरावतीतले एक अरुंद दुकान, कोऱ्या सुती कापडाचा किंचित कडवट गंध, पायाखाली डुलणारे यंत्र आणि गळ्यात टेप अडकवलेले चाचा. शिवलेला कपडा अंगावर नीट बसला की ते एकच शब्द उच्चारत, "बराबर." नाही बसला, तर काही न बोलता उसवायला घेत.

मी तेव्हा एम.ए.ला कविता शिकत होते आणि एका एकांकिकेत काम करत होते. त्यातला नवरा कामावर जाताना बायकोला घरात कोंडून दारातच बसवलेल्या कुलपाची किल्ली कमरेला खोचतो. शेवटी तो झोपलेला असताना किल्ली तिच्या हाती लागते. ती दार उघडते, किल्ली आपल्या कमरेला खोचते आणि प्रेक्षकांकडे वळून स्त्रीमुक्तीवर भाषण करते. हे भाषण आमच्या दिग्दर्शक सरांनी मागाहून जोडले होते. स्पर्धेच्या अर्जात 'नाटकाचा संदेश' असा रकाना होता. तो रकाना मी रंगमंचावर मोठ्याने वाचून दाखवावा, एवढाच त्या भाषणाचा अर्थ. मी हरकत घेतली. हे म्हणायचे नसेल तर पुढच्या वर्षी नाटकात यायचे नाही, असे सरांनी शांतपणे सांगितले.

भूमिकेच्या पोशाखाचे माप घेताना चाचांनी गोष्ट विचारली. मी सांगितली. खडूची रेघ अर्धवट सोडून ते म्हणाले, "थे बाई चाबी कमरेले काहून खोचते?"

"आता घर तिचं झालं म्हणून."

"मंग थे बी त्याच्यासारखीच झाली, बेटा."

कवितेतल्या एकेका प्रतिमेवर पानेच्या पाने लिहिणारी मी, तालमीत रोज ती किल्ली खोचत होते आणि माझाच हात मला वाचता आला नव्हता.

अकोल्याच्या स्पर्धेत मी दार उघडले. किल्ली कुलपातच राहू दिली. परत येऊन बसले, सूप ओढले आणि तूर निवडू लागले. पाठीमागे दार सताड उघडे. विंगेतून सरांनी भाषणाचे पहिले वाक्य कुजबुजून सुचवले. पुन्हा सुचवले. तिसऱ्यांदा ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेले असावे. मी खडे वेचत राहिले. पडदा पडेपर्यंत सुपात दाणे सरकल्याचा आवाज सभागृहभर ऐकू येत होता.

भाषण विसरलात का, संदेश पोहोचला नाही, असे परीक्षक म्हणाले.

"विसरले नाही," मी म्हटले. "म्हटलं नाही."

बक्षीस मिळाले नाही. परतताना मूर्तिजापूरच्या आसपास सरांनी गाडीत सर्वांदेखत जाहीर केले की पुढच्या वर्षी दुसरी मुलगी बघू. नवऱ्याची भूमिका करणारा खिडकीबाहेर बघत राहिला. मी क्षमा मागितली नाही. आजही मागणार नाही. पुढे मी स्वतः नाटके लिहिली. त्यांतले एकही पात्र प्रेक्षकांकडे वळून स्वतःचा अर्थ सांगत नाही, आणि अर्जातला तो रकाना मी दर वेळी कोरा सोडते.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेले. चाचांनी बक्षिसाचे विचारले नाही. यंत्रावरून मान वर न करता त्यांनी किल्लीचे काय केले एवढेच विचारले. कुलपातच ठेवली, दार उघडे ठेवले, आणि सरांनी मला काढले, असे मी सांगितले. त्यांचा पाय थांबला. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले, नवा कपडा अंगावर बघावा तसे.

"बराबर."