काळ्या दगडावरचे पांढरे केस

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मेढ्याच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं दगडाचं काम चालतं. चौथीतून शाळा सोडली आणि छिन्नीला लागलो. आता लोकांना समाधीच्या दगडावर माणसाचा फोटो हवा असतो. तो लेसरच्या मशीनवर निघतो आणि ते मशीन माझी सून बघते. मला ते आवडत नाही. पण छिन्नीनं चेहरा मला कधी जमला नाही, हेही खरं.

त्या दिवशी दगड होता एका फौजी पोराचा, त्याच्या गावानं समाधीसाठी सांगितलेला. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं.

मशीन फोटोतल्या काळ्या जागी लेसर मारतं, आणि काळ्या दगडावर लेसर लागतो तिथं पांढरं उठतं. म्हणून फोटो आधी कॉम्प्युटरमध्ये उलटा करून घ्यायचा, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. म्हणजे दगडावर तो बरोबर येतो. त्याला एक बटण आहे. आदल्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये अपडेट का काय म्हणतात ते झालं होतं. सुनेनं नेहमीसारखं बटण दाबलं, पडद्यावर खूण उमटली, मशीन सुरू झालं. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. येऊन बघतो तर फोटो मिशीपर्यंत उतरलेला. तोंड काळंठिक्कर, केस पांढरे, मिशी पांढरी. सुनेनं मशीन थांबवलं.

"खूण तर हाय, आबा. पर बटण काम करत न्हाई."

"काल करत हुतं की."

"काल जुनं हुतं."

"मग नवं कशाला घेतलंस?"

"मी कुठं घेतलं? त्याचं त्यानंच घेतलं."

"आपल्या घरात, आपल्याला न इचारता?"

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रोग्रॅम काढून परत घातला, दगडाच्या तुकड्यावर छाप मारून बघितली. दर वेळी तेच. शेवटी ज्यानं ते बसवून दिलं होतं त्या सांगलीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, नव्यात ते बटण बिघडलंय, सगळ्यांची तीच बोंब आहे, जुनं शोधून पाठवतो.

मी म्हटलं, हा दगड घासून कोरा करायचा. नासलेलं काम आमच्या दारातून बाहेर जात नाही, माझ्या बापाच्या वेळेपासून नाही.

तेवढ्यात पोराची आई आली. मी गोणपाट टाकेपर्यंत तिनं बघितलं होतं. खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. मग दगडावरच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. ते डोळे वाईटच आले होते, पांढऱ्या बाहुल्यांचे. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "म्हातारा झाल्यावर असा दिसला असता व्हय."

सून आत निघून गेली.

"मिस्त्री, ह्यो मला द्या."

"नासलाय ताई. दुसरा चांगला करून देतो."

"चांगला गावाला द्या. ह्यो माझ्या घरात ऱ्हाईल."

"समाधीचा दगड घरात नेत न्हाईत."

"आवं, नाव कुठं हाय ह्याच्यावर?"

नाव खरंच घातलं नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. चार लोक बघतील, हे कुणी केलं विचारतील, आणि माझं नाव सांगितलं जाईल. ती उठली. हात काढल्यावर तिनं परत दगडाकडं बघितलं नाही.

"पेटीतनं आला आन् पेटीतच गेला. तोंड दावलं न्हाई मला. डोळं मिटल्यालं हुतं का उघडं, कुणी सांगितलं न्हाई."

एवढं बोलून ती एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागली.

संध्याकाळपर्यंत सुनेनं जुना प्रोग्रॅम बसवला. तुकड्यावर छाप घेतली, बरोबर आली. मग तिनं त्या नासलेल्या दगडाकडं बोट केलं.

"ह्यो घासायचा न्हवं, आबा?"

"ऱ्हाऊ दे आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा दगड मशीनवर चढवत होती, तेव्हा मी तो नासलेला दगड फळीवर आडवा घेतला. पाणी घालत घालत, हातातल्या पॉलिशच्या दगडानं दोन्ही डोळे घासून काढले, आणि बारीक छिन्नीनं तिथं मिटलेल्या पापण्यांची एकेक रेघ मारली.