पोपटी साडीची पसंती

काल कपाट आवरताना डोहाळजेवणाची पोपटी साडी हाती आली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी थेट जयनगरच्या त्या साडीच्या दुकानात पोचले.

तेव्हा सातवा महिना होता. ऑफिसातून थकून आलेली मी, दुकानातली मऊ पांढरी गादी आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. मला गडद बॉटलग्रीन साडी हवी होती, सासूबाईंच्या मनात पोपटी. दुकानदार कानडीमिश्रित हिंदीत "स्वल्प ये देखो, अक्का", म्हणजे 'जरा हे बघा, ताई', म्हणत साड्या उलगडत होता आणि माझे डोळे मिटत होते. सासूबाई विचारायच्या, "ही आवडली?" डुलकीसरशी माझी मान खाली जायची आणि तोच होकार धरला जायचा. जाग आली तेव्हा पोपटी साडी पिशवीत गेली होती.

बारा वर्षं सासूबाई सगळ्यांना सांगताहेत, "हिनंच पसंत केली. तीनदा हो म्हणाली." मी भर दुकानात झोपले होते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

काल मात्र धीर करून कबूल केलं, "आई, तेव्हा मी झोपले होते हो."

साडीची घडी घालत त्या शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे की. चांगली घोरत होतीस. जागी असतीस तर पोपटी घेऊ दिली असतीस का?"