मन गिन

प्राचार्यांच्या खोलीत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मला आणि माझ्या नातीला कोणी बसा म्हणालं नाही. मीही बसलो नाही. त्या खोलीत बसायची मला सवयच नव्हती. माझी सगळी नोकरी त्या दाराबाहेरच्या स्टुलावर गेली. बोलावलं की आत जायचं, सांगतील ते करायचं, बाहेर यायचं. वेळ झाली की घंटा वाजवायची. शिपाई होतो मी त्या कॉलेजात.

नातीचं नाव सुजाता. मोठ्या मुलाची मुलगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हजेरी कमी भरली म्हणून घरच्यांना बोलावलं होतं. तिचा बाप ट्रक घेऊन बाहेरगावी, आई सोयाबीन सोंगायला गेलेली. म्हणून मी गेलो.

प्राचार्य म्हणजे भाऊसाहेबांचा पुतण्या. भाऊसाहेबांनी ही संस्था काढली. आता ते नाहीत. या पुतण्याला मी हाफ चड्डीत पाहिलेला आहे. कॉलेजच्या मैदानावर त्याच्या सायकलीमागे मीच पळालो.

“काय रे तात्या,” तो म्हणाला, “पेन्शन खाऊन चांगला सुटलास की.”

मी हसलो. हसायचं असतं अशा वेळी.

मग सुजाताकडे वळला. “काय गं, वर्गात का येत नाहीस?”

सुजाता खाली बघत होती. मग म्हणाली, “सर, मले... माझं मन ठीक नसते. वर्गात बसलं का श्वास अडकते.”

बाजूला दोन प्राध्यापक चहा पीत होते. प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“ऐकलंत का? घंटीवाल्याच्या नातीला मन आलंय.”

“साथ आहे सर,” त्यातला एक म्हणाला. “पुण्याहून निघाली, आपल्यापर्यंत पोचली.”

तिघेही हसले. सुजाता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बोट पांढरं पडलं.

“अगं, हे मोठ्या घरचे आजार,” प्राचार्य म्हणाले. “तुझ्या आजीनं जन्मभर आमच्या शेतात निंदण-खुरपण केलं. तिला झालं होतं का असं कधी?” मग माझ्याकडे बघून, “काय रे तात्या, तुमच्यात असतं का असं काही?”

तुमच्यात. या शब्दात कोण कोण येतं ते मला लहानपणापासून माहीत आहे. गावाच्या खालच्या अंगाची आमची सगळी वस्ती येते त्यात.

मी हात जोडले. कोणी जोडायला लावले नव्हते. आपोआप जुळले.

“नाई जी साहेब. मन गिन काही नसते आमच्यात. पोट्टी हाय. समजावतो मी तिले.”

आमच्या वऱ्हाडात शब्दामागे गिन लावलं की ती गोष्ट किरकोळ होते. चहा गिन घेतला का. पाहुणे गिन आले का. चारचौघांत उल्लेख करावा, पण फार लक्ष देऊ नये, एवढीच तिची किंमत. मी माझ्या नातीच्या मनाला गिन लावलं. तिच्यासमोर. त्या तिघांना हसायला सोपं जावं म्हणून.

बाहेर आलो तर तास संपल्याची घंटा झाली. सुजाता व्हरांड्यात मधेच थांबली आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

बस स्टँडवर तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका सरांनी हजेरी घेताना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, अरे, तू तर आपल्या घंटीवाल्याची नात. तेव्हापासून तिचं नाव घंटी पडलं. घंटा वाजली की अख्खा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघतो आणि हसतो. प्रत्येक तासाला. ती मले-तुले बोलते, त्याचीही नक्कल होते. म्हणून तिनं बोलणं सोडलं. घंटा मात्र बंद होत नाही.

“घंटा व्हायच्या पह्यलेच माह्या छातीत धडधडते, आबा. मंग मी घरीच राह्यते.”

त्या घंटेचा मला अभिमान होता. कधी मिनिटाचा फरक पडू दिला नाही. ते पितळ मी चिंचेनं घासून चकचकीत ठेवायचो.

“हासू दे त्याहिले,” मी म्हणालो. “हासून हासून किती हासतीन?”

ती उठून बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मग ती घरातही बोलेनाशी झाली. नळाखाली बादली भरून वाहायची आणि ही तिच्याकडे बघत उभी. केस विंचरायचे राहून जायचे. ताटावर बसायची, भाकरीचे तुकडे करायची आणि उठायची. आई ओरडायची. मी समजावायचो. समजावायचो म्हणजे तेच वाक्य. मन गिन काही नसते. जेव. कामात राह्य.

आमच्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दोनदा सांगून गेल्या. “आबा, बुलढाण्याले सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. पोरीले घेऊन जा. केसपेपर काढा लागते, बस.”

“लग्नाची पोरगी हाय, ताई. लोक काय म्हणतीन?”

“लोकाहिले म्हनू द्या. म्हनासाठी तरी पोरगी राह्यली पाह्यजे ना.”

तरी मी गेलो नाही.

एकदा मी अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. सुजाता येऊन समोर बसली. तिनंही एक मूठ घेतली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली,

“आबा, प्रदीपकाका खरंच घसरला होता का?”

प्रदीप माझा धाकटा. सुजाताच्या जन्माआधीच गेला. विहिरीवर पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

“काऊन वं? आज कुठून काढलं हे?”

“आजी म्हने, पाय तं चांगले होते त्याचे.”

माझी बायको हे म्हणाली होती खरं. मी कोणाला घसरल्याचं सांगायला लागलो की ती उठून आत जायची. एकदाच दारातून म्हणाली होती, पाय तं चांगले होते त्याचे. मी तिच्यावर खेकसलो. त्यानंतर ती मरेपर्यंत माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाही.

“तुले काय करायचं हाय ते?” मी सुजाताला म्हणालो.

“असंच. मले वाटलं, त्यालेही माह्यासारखंच होत असन.”

हे बोलताना तिच्या आवाजात रडणं नव्हतं. काहीच नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली. हा आवाज मी याआधी ऐकला होता.

आता लिहितो ते तोवर मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

प्रदीप त्याच कॉलेजात शिकत होता. बोलायचा फार छान. भाषणाच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. गॅदरिंगला बक्षीस होतं. त्याची आई जरीच्या काठाचं पातळ नेसून बायकांत बसली होती. माझी ड्युटी पाहुण्यांना पाणी द्यायची. मी स्टेजच्या कडेला ट्रे घेऊन उभा.

प्रदीपचं नाव पुकारलं. तो वर आला. भाऊसाहेब माइकवरूनच म्हणाले, “अरे, हा तर आपल्या घंटीवाल्याचा! वा! मग आज बापाला आराम. बक्षीस घ्यायच्या आधी पाहुण्यांना पाणी दे, बेटा.”

सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. भाऊसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नसेल. त्यांना ते कौतुकच वाटलं असेल.

प्रदीप जागचा हलला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. कळला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. तो म्हणत होता, बाबा, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही म्हणालात की मलाही म्हणता येईल.

मी ट्रे पुढे केला. “घे बे लवकर. साहेब वाट पाह्यत हायेत.”

त्यानं घेतला. एकेका पाहुण्यासमोर वाकला. मग ओल्या हातानं बक्षिसाचा कप घेतला.

त्यानंतर त्यानं भाषण केलं नाही. कॉलेजात जाईना. खाटेवर पडून आढ्याकडे बघायचा. मी त्याला म्हणालो, “चार ग्लास पाणी देलं तं हात झडले का तुहे? म्या जिंदगीभर देलं. मन गिन काही नसते. ऊठ, जेव.”

तो उठला. जेवलाही. मी म्हटलं, आला ताळ्यावर.

ती थंडी संपायच्या आत तो गेला.

भाऊसाहेब गाडीतून भेटायला आले. अंगणात उभ्या उभ्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पाय घसरला, तात्या. असंच सांग. कॉलेजच्या नावाला उगीच बट्टा नको. तुलाही नोकरी करायचीय.”

मी म्हणालो, “हो जी.”

पोराचं मरणसुद्धा मी त्यांनी सांगितलं तसं मांडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घंटा वाजवायला लागलो, वेळेवर.

सुजाताच्या त्या बोलण्यावर शेंगांचं सुपडं तसंच ठेवून मी आशाताईंकडे गेलो. विचारलं, बुलढाण्याला कोणत्या वारी जायचं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी आधी आम्हाला बसा म्हटलं. मग सुजाताशी बोलल्या, घाई न करता. मग मला विचारलं, “आजोबा, घरात आधी कोणाला असा त्रास होता? कोणी स्वतःच्या जिवाचं काही करून घेतलं होतं?”

“नाई जी.”

विचार करायच्या आतच तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

सुजाता माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. बाईंचा पेन कागदावर टेकला. मला दिसलं की आता हे खोटं हिच्या औषधात जाणार.

“थांबा बाई. म्या खोटं सांगतलं. माह्या लहान पोरानं जीव देला. तो घसरला नवता.”

माझ्या तोंडून ते पहिल्यांदा बाहेर पडलं. सुजातानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “हे सांगितलंत ते फार महत्त्वाचं होतं, आजोबा. आता थोडा वेळ बाहेर बसा. मला तिच्याशी बोलायचंय.”

बाहेरच्या बाकावर मी रडलो. प्रदीपच्या वेळी रडलो नव्हतो. घसरला म्हणून सांगताना रडलो तर खरं बाहेर पडेल, या धास्तीनं राहून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजात गेलो. सुजाता म्हणाली होती, “जा, पण हात जोडू नका.” प्राचार्य खोलीत होते. मी खुर्ची ओढली आणि बसलो. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“साहेब, त्या रोजी म्या खोटं बोललो. आमच्यात मन असते. माह्या प्रदीपले होतं. तुमच्या काकानं त्याच्या हाती ट्रे द्याले लावला, आन् म्या देला. त्यानं जीव देला. पाय घसरला नाही.”

त्यांनी उठून दार लावलं. “तात्या, मेलेल्या माणसांचं काय उकरतोस? आणि संस्थेनं तुझं काय कमी केलं? पोरीच्या हजेरीचं मी बघतो. हे बाहेर बोलू नको.”

“हजेरीसाठी डॉक्टरचा कागद आणला हाय. मेहरबानी नको. घंटा झाल्यावर वर्ग तिच्याकडे पाहून हासते. थे तुम्ही बंद करा. तुमच्या सरानंच सुरू केलं.”

“अरे, पोरं आहेत. हसतात. एवढं काय मनावर घ्यायचं?”

“मनावरच घेतात साहेब. दुसरं कशावर घेतीन?”

मी उठलो. दार उघडलं आणि उघडंच ठेवून बाहेर आलो.

हसणं अजून पूर्ण बंद झालेलं नाही. सुजाताही बरी झालेली नाही. गोळ्या घेते. एखाद्या दिवशी कॉलेजात जाते, एखाद्या दिवशी फाट्यावरून परत येते. मी विचारत नाही का आलीस. ताट वाढतो आणि शेजारी बसतो. तिला बोलायचं असलं तर ऐकतो. जेव म्हणत नाही.

दर मंगळवारी आम्ही बुलढाण्याच्या गाडीत असतो. मागच्या खेपेला ओळखीचा कंडक्टर म्हणाला, “काय आबा, दर मंगयवारी बुलढाणा? कोर्टात केस गिन टाकली का?”

मी सांगायला तोंड उघडलं. सुजातानं माझ्या हातावर हात ठेवला. हळूच म्हणाली, “माह्यं मी सांगीन, जव्हा वाटन तव्हा. तुम्ही तुमचं सांगा.”

बरोबर होतं तिचं. मी पुन्हा दुसऱ्याचं मन आपल्या तोंडात घ्यायला निघालो होतो.

म्हणून माझं सांगितलं. मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत जाईल असं. “माह्या लहान पोराचं नाव प्रदीप होतं. तो घसरला नवता.”

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन खाली घेतलं. चिखली येईपर्यंत मी बोलत राहिलो. ट्रेपर्यंत आलो तेव्हा आवाज फुटला, तरी थांबलो नाही.

आता जो विचारेल त्याला सांगणार. जो विचारणार नाही त्यालाही. यंदाच्या गॅदरिंगला त्याच सभागृहात जाणार, आणि प्रदीपला जिथं वाकायला लावलं तिथं उभा राहून सांगणार. माइक देणार नाहीत, ठाऊक आहे. घंटाही मी माइकवर वाजवत नव्हतो, तरी ती अख्ख्या कॉलेजला ऐकू जायची.