वर्ग गप्प बसला तेव्हा

बी.एड.च्या वर्षात मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते पाठटाचणातल्या एका प्रश्नानं. पाठाची सुरुवात सोप्या प्रश्नांनी करायची, मुलं पटापट उत्तरं देणार. मग शेवटचा प्रश्न असा टाकायचा की त्यांना उत्तर येताच कामा नये. मुलं गप्प झाली की आपण विषयाचं नाव फळ्यावर लिहायचं. म्हणजे मुलं अडली की आपण पास! हा न्याय माझ्या डोक्यात कधी शिरला नाही, पण विचारणार कोणाला?

शेवटचा सरावपाठ डिंडोलीतल्या मराठी शाळेत होता, नववीला, बाष्पीभवनावर. आधीच्या पाठांत माझ्या वर्गाचा पार बाजार झाला होता. "तुम्हाला वर्ग आवरत नाही," असं पाठ तपासणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. शिकवणं आपल्याला जमणारच नाही की काय, या धास्तीनं मी अर्धी झाले होते. मॅडम येऊन मागच्या बाकावर बसल्या.

"माठातलं पाणी कसं असतं?"

"गार!"

"घामावर वारा लागला की कसं वाटतं?"

"गार!"

"का बरं गार वाटतं?"

वर्ग चिडीचूप. मी ऐटीत 'बाष्पीभवन' लिहिलं. पुढेही सगळं इतकं सुरळीत झालं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. मुलांच्या तळहातावर सॅनिटायझरचा थेंब टाकला, तर एकानंही दंगा केला नाही. "आज वर्ग छान आवरलात," म्हणून मॅडम निघून गेल्या.

व्हरांड्यात एक मुलगी मागोमाग आली.

"टीचर, आम्ही बराबर चूप बसलो ना?"

"म्हणजे?"

"हा पाठ आधी तुमच्यासारख्याच दोन टीचरनी घेतला. दुसऱ्या टीचरला आम्ही लगेच जवाब देऊन टाकला, तर त्या रडायलाच लागल्या. मग आम्ही नक्की केलं, त्या सवालाला चूपच बसायचं."

मला राग आला, लाज वाटली आणि त्या पोरांची मायाही आली, सगळं एकदमच. मग आज मी केलं काय? शिकवलं, की त्यांनी मला सांभाळून घेतलं? निदान एवढं तरी कळावं म्हणून मी तिला टाचणात नसलेलं विचारलं, "बरं, पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?"

ती गप्प झाली.

तिला खरंच येत नव्हतं, की ती अजून मला पासच करत होती? मी कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मला काही म्हणजे काही कळेना.