चौकट नसलेली सूचना

छापखाना बंद पडला तेव्हा घारबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी तिथे मुद्रितं तपासली होती. चुकलेला अनुस्वार त्यांना दारातूनच दिसतो, अशी ख्याती असल्याने खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. बाईंना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही. राग कायम नाकावर. कामगार त्यांच्या टेबलावर प्रूफ ठेवायचे आणि काही ऐकून घ्यायच्या आत पायाला पाय लावून पळायचे.

घरी बसल्यावर तो राग घरच्यांच्या वाट्याला आला. नवरा निवृत्त बसचालक, स्वभावाने थंड. सकाळचं वर्तमानपत्र त्याच्या हातात पडेपर्यंत ते लाल खुणांनी भरलेलं असायचं. "बातमी कुठली आणि तुझी शाई कुठली हेच कळत नाही," एवढं म्हणून तो चष्मा पुसायचा.

उपाय सुनेने काढला. ती संगणकाच्या कामात होती. एक दिवस ती लॅपटॉप घेऊन सासूसमोर बसली. म्हणाली, "आई, हे एक सॉफ्टवेअर आहे. छोट्या दवाखान्यांतल्या नोंदी ठेवायचं. कोणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरचे लोक फावल्या वेळात लिहितात, कोणीही फुकट वापरावं. फक्त त्याची माहितीपुस्तिका म्हणजे नुसता बाजार झालाय. तुमच्यासारखं माणूस हवंय त्यांना."

"त्यांना हवंय, की तुला मला कामाला लावायचंय?"

"दोन्ही," सून म्हणाली.

बाईंनी पुस्तिका उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकशे चाळीस पानं, पंधरा-वीस हातांनी लिहिलेली. कोणी टाइप करायची कमांड राखाडी पट्टीत दिली होती, कोणी ठळक अक्षरांत, कोणी सरळ वाक्याच्या पोटात. धोक्याची सूचना बहुतेक पानांवर वरच्या बाजूला लाल चौकटीत होती, काही पानांवर मात्र ती शेवटच्या ओळीत, 'धन्यवाद'च्या शेजारी पडलेली. बाईंनी वहीत तक्ता मांडला, प्रत्येक पानाची कुंडली लिहिली आणि एकेक पान दुरुस्त करून पाठवायला लागल्या. पहिली दहा पानं घेतली गेली. मग प्रकल्पाच्या प्रमुखाचा निरोप आला.

"काकू, तुमची मेहनत दिसते. पण हे सगळं रंगरंगोटीचं काम आहे. आमच्याकडे खरी कामं पडलीत. एवढ्या दुरुस्त्या तपासायला वेळ नाही."

उरलेल्या दुरुस्त्या त्याने एका झटक्यात बंद केल्या. प्रत्येकीखाली एकच शेरा होता: फक्त दिसण्याचा प्रश्न.

बाईंनी उत्तरात दोन वाक्यं लिहिली. पहिलं, मी तुमची काकू नाही. दुसरं, पान अठ्ठावन्न आजच बघा, तिथे कमांडमधली रेघ बदलली आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. बाईंनी वही मिटली आणि चार महिने त्या प्रकल्पाचं नाव काढलं नाही. नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर पुन्हा शाई चढली.

मग एका दुपारी सून ऑफिसमधून फोनवर म्हणाली, "आई, त्या प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर एक निरोप आलाय. तुम्ही बघा. मी काही सांगत नाही."

निरोप एका आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेचा होता. "नमस्कार. जुन्या नोंदी किती आहेत ते बघायचं होतं म्हणून मी पान अठ्ठावन्नवरची तालमीची कमांड तिथूनच उचलून चालवली. नोंदी पुसल्या गेल्या. चार वर्षांत कोणत्या बाळाला कोणती लस दिली, ते सगळं गेलं. दोन हजार सहाशे बाळं आहेत. माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार. परत मिळवता येईल का?"

खाली प्रकल्पातल्या एका प्रोग्रामरचं उत्तर होतं. "प्रत काढून ठेवण्याची सूचना पानावर स्पष्ट दिली आहे. सूचना नीट वाचत जा. वापरणाऱ्याची चूक. विषय बंद."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, घोटभर पाणी प्यायल्या, परत आल्या आणि तेच उत्तर पुन्हा वाचलं. आग तसूभरही कमी झाली नव्हती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत."

वहीतलं पान त्यांना लगेच सापडलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोंदी पुसायची एक कमांड होती. तिच्यापुढे दोन छोट्या आडव्या रेघा देऊन 'तालीम' असं लिहिलं, की काहीही न पुसता फक्त आकडा दिसायचा. आता ही कमांड राखाडी पट्टीत असती तर अक्षर न् अक्षर जशीच्या तशी राहिली असती. पण पान अठ्ठावन्न लिहिणाऱ्याने ती साध्या वाक्यात घातली होती. आणि पुस्तिका ज्या संकेतस्थळावर होती ते साधा मजकूर छान दिसावा म्हणून दोन छोट्या रेघा जोडून एक लांब रेघ करायचं. लांब रेघेचा अर्थ सॉफ्टवेअरला कळायचा नाही. ते 'तालीम' हा शब्द सोडून द्यायचं आणि खरोखरच पुसायला लागायचं. ध चा मा व्हायला एवढं पुरलं होतं.

बाईंनी निरोपाखाली दिलेल्या नंबरवर परिचारिकेला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती, शेजारी कोणीतरी बसलेलं असावं.

"ताई, वीस वर्षं झाली नोकरीला. आजवर एक शेरा नाही फाईलवर. आता वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितलाय. मी काय लिहू? सूचना होती, मला दिसली नाही, एवढंच लिहिता येईल."

"कुठे होती ती सूचना?"

"शेवटी. बारीक अक्षरात. मी चौकट शोधली हो. बाकीच्या पानांवर धोका असला की वर लाल चौकट असते. इथे नव्हती, म्हणून मला वाटलं, इथे भीती नाही."

"अजून काहीही लिहू नका," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत थांबा."

शनिवारी सकाळी प्रकल्पाची व्हिडिओवर बैठक असायची. सुनेने बाईंना त्यात बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढली. पडद्यावर सहा चेहरे होते. प्रमुखाने नवीन आवृत्तीचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली.

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी पान अठ्ठावन्न."

"काकू, तो विषय बंद झालाय."

"तुम्ही बंद केलात. चार महिन्यांपूर्वी मी लिहून कळवलं होतं तेव्हाही तुम्हीच बंद केलात. तारखेसकट निरोप आहे माझ्याकडे, वाचून दाखवू?"

प्रमुखाने सुस्कारा टाकला. "हे बघा, पान दुरुस्त करू. पण प्रत न काढता अशी कमांड चालवणं ही निष्काळजीच. आणि आपण सगळे इथे फुकट काम करतो, हे विसरू नका."

"मीही फुकटच करते. म्हणून दुसऱ्याची नोकरी घालवायची मुभा मिळते का मला?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण शेजारी सुनेने पाण्याचा पेला जरा लांब सरकवला. "सत्तावन्न पानं तुम्ही त्या बाईला शिकवलंत, की धोका असला तर वर लाल चौकट असते. ती शिकली. मग अठ्ठावन्नाव्या पानावर चौकट काढून घेतलीत आणि वर तिलाच म्हणता, नीट वाच. तुमच्या घरच्या जिन्याची एक पायरी काढून ठेवते मी, आणि तुम्ही पडलात की सांगते, बघून चालत जा."

'सूचना नीट वाचत जा' असं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामरने माईक सुरू केला. तो तिशीचा असेल. मघापासून त्याची मान खाली होती आणि बोटं चालत होती.

"मी आत्ता करून बघितलं," तो म्हणाला. "खोट्या नोंदींवर. पानावरून उचलून चालवलं."

"मग?"

"गेल्या. सगळ्या." त्याने मान वर केली. "ते पान मीच लिहिलंय. माझ्या फाईलमध्ये दोन रेघा आहेत, म्हणून मला वाटलं बरोबर आहे. संकेतस्थळावर जाऊन मी कधी बघितलंच नाही."

बाईंना त्याच्याबद्दल कणव वाटायला हवी होती, असं सून नंतर म्हणाली. बाईंना ती वाटली नाही. एकतीस वर्षांत छापून आलेलं पान डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्या घरी गेल्या नव्हत्या, आणि हा माणूस चार महिन्यांत स्वतःचं एक पान बघू शकला नव्हता.

"दोन गोष्टी हव्यात मला," त्या म्हणाल्या. "पान आज दुरुस्त होईल आणि त्या दुरुस्तीला किरकोळ म्हणायचं नाही, काय घडलं ते लिहायचं. दुसरं, त्या परिचारिकेच्या वरिष्ठांना प्रकल्पाच्या नावाने पत्र जाईल, की चूक आमच्या पुस्तिकेची होती."

"पत्र दिलं तर उद्या प्रत्येक जण मागेल," प्रमुख म्हणाला.

"मागू दे. पुस्तिका सुधारा म्हणजे मागायची वेळ येणार नाही."

"सही मी करतो," प्रोग्रामर म्हणाला. त्यानंतर प्रमुखाला नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

पत्राचा मसुदा दुपारी आला. त्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर' असं लिहिलेलं होतं. बाईंनी 'गैरसोय' खोडून परत पाठवलं. दुसऱ्या मसुद्यात 'काही नोंदी' होत्या. तोही परत गेला. तिसऱ्यात 'दोन हजार सहाशे बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी आमच्या चुकीच्या सूचनेमुळे पुसल्या गेल्या' असं सरळ आलं, तेव्हा त्यांनी ते जाऊ दिलं.

परिचारिकेच्या फाईलवर शेरा पडला नाही. पण पत्राने नोंदी परत येत नाहीत. ती आणि तिची एक सहकारी अकरा आठवडे घरोघर फिरल्या, आयांकडची कार्डं उतरवून घेतली, ज्यांची कार्डं हरवली होती त्यांच्या, आठवून सांगा म्हणून मिनतवाऱ्या केल्या. शेवटी दोनशे चौदा बाळं राहिली. त्यांची कुटुंबं गाव सोडून गेली होती. कुठे गेली, कोणाला ठाऊक नव्हतं. हा आकडा परिचारिकेने फोनवर सांगितला तेव्हा बाईंनी तो वहीत, पान अठ्ठावन्नच्या रकान्यात लिहिला.

पुस्तिकेचं काम आता बाईंकडे आहे. मांडणीचे नियम त्यांनी एका पानात बसवले, आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ बाहेर पडत नाही. लोक कुरकुरतात. प्रमुखाने लिहिलेलं पान त्यांनी मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा त्याने पहिल्यांदाच त्यांना 'ताई' म्हटलं. बाईंनी त्याचीही दखल घेतली नाही.

प्रोग्रामर अधूनमधून त्यांना लिहीत असतो. एकदा त्याने भीत भीत विचारलं, "ताई, आता तरी राग गेला का?"

बाईंनी उत्तर पाठवलं, "पान एकशे सहावर अजून चौकट लागलेली नाही. ती आज लावा."